मोटरच्या दिव्याची गुंडी

सप्टेंबर ६, गुरुवार

रागाच्या भरात बोलायचं नाही, असं मी दादाला कबूल केलं आहे. लिहायचं नाही, असं काही कबूल केलेलं नाही. म्हणून ही वही.

आज सकाळी मोटरवरची झावळ्यांची झापं काढली. पावसाळाभर ती परसातल्या मांडवात झाकून ठेवली होती. झाकण्याचं काम दादाने केलं, मी तेव्हा मुंबईत होतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, गंगाराम तांडेल. त्याचा जन्म गलबतावर गेला. दोन वर्षांमागे एकाएकी म्हणाला, समुद्र पुरे झाला, आणि चांगलं चालतं गलबत विकून ही मोटर घेतलीन. का, ते आजवर कुणाला सांगितलं नाही. आता तो रत्नागिरी ते पाली माणसं ने-आण करतो. पण मोटरवर बसला तरी मनाने अजून डोलकाठीखालीच आहे. पावसाळ्याच्या तोंडाला गलबत शाकारतात ना, तशी त्याने मोटर शाकारली! मुशी माशाचं तेल आणि राळ उकळून कुंचल्याने फासलीन, हाताला येईल त्या भागाला. लाकडाला, लोखंडाला, कातड्याच्या बैठकीलासुद्धा. गाडीत बसलो तर धोतर चिकटलं. वास तर असा की मांजरं मागे लागावीत.

हे सगळं मी गिळलं. पण समोरच्या फळीवर दिव्याची गुंडी आहे. ती खेचली की पुढचे दोन्ही दिवे लागतात, आत ढकलली की विझतात. त्या गुंडीच्या देठातही राळ गेली आहे. सुकून दगड झाली आहे. मी खेचली, पिळली, पाय लावून खेचली. ढिम्म नाही.

"दादा, ही बोट आहे का रे?" मी विचारलं. आवाज चढवला नाही, देवाशप्पथ.

"अरे बाबा, लाकूड काय नि लोखंड काय, खारा वारा दोगांना खातो," म्हणाला, आणि विडी पेटवून विहिरीकडे गेला.

मी गिरणीतला फिटर. मोठमोठी यंत्रं माझ्या हाताखालून गेलीत. एक बोटाएवढी गुंडी मला निघत नाही!

सप्टेंबर ८, शनिवार

आज बंदरावर रावजीशेट भेटले. बोटीच्या तिकिटांची एजन्सी त्यांच्याकडे आहे. मुंबईची बोट दुपार टळल्यावर लागते, पडावातून किनाऱ्यावर माणसं आणि ट्रंका उतरेस्तोवर दिवस कलतो. हातखंबा-पालीकडची माणसं मग रात्रभर धर्मशाळेत ढेकूण मोजत पडतात. शेट म्हणाले, "काशीराम, संध्याकाळची मोटर सुरू कर. माझे सगळे उतारू तुला देतो. मात्र दसऱ्याच्या आत मला दिवे लागलेले दाखव. नाहीतर पालीच्या भागोजीची मोटर आहेच."

मला तिथल्या तिथे उडी मारावीशी वाटली. नुसत्या दिवसाच्या फेरीत दोन बिऱ्हाडं चालत नाहीत, हे मी शिमग्यापासून बघतोय. गिरणीत माझ्या जागेवर मी बदली माणूस देऊन आलो आहे, दिवाळीपर्यंत. संध्याकाळची फेरी मिळाली तर मी घरी राहीन. नाही मिळाली तर दिवाळीनंतर पुन्हा ती चाळ, तो भोंगा, आणि सावित्री इथे. लग्न झाल्यापासून आम्ही नवराबायको फक्त गणपती आणि शिमग्याला भेटतो. पाहुण्यासारखा येतो नि पाहुण्यासारखा जातो. मला आता नाही जायचं. हे कुणाला तोंडाने सांगता येत नाही, इथे लिहितो.

रात्रीच्या जेवणाला दादाला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. वहिनीने त्याच्याकडे बघितलं. मग तो म्हणाला, "संध्याकाळची कशाला? धर्मशाळा हाय ना माणसांना."

धर्मशाळा हाय! हा माझा भाऊ!

सप्टेंबर ११, मंगळवार

गुंडीला घासलेट पाजलं. उकळत्या पाण्यात फडकं बुडवून गुंडाळलं. सुतळीचा फास टाकून दोन्ही हातांनी खेचलं, सुतळी तुटली आणि मी मागच्या सीटवर उताणा. लवू लोहाराला बोलावलं. त्याने छिन्नी काढली नि म्हणाला, "तोडू काय?" म्हटलं, तोडलीस तर दुसरी मुंबईहून येईस्तोवर दसरा काय, संक्रांत होईल. निघ.

भानगड अशी आहे. नुसती गुंडी हलून भागायचं नाही. आतला सगळा स्विच राळेने भरला आहे, तो बाहेर काढून धुवायला हवा. स्विच फळीच्या मागून निघतो. पण पुढे गुंडी आहे तोवर तो मागे सरकत नाही. म्हणजे आधी गुंडी उतरवायची. आणि ती कशी बसवली आहे तेच कळत नाही. स्क्रू नाही, आटे नाहीत. अमेरिकेत बसून कुणीतरी माझी गंमत करतो आहे.

सावित्री चहा घेऊन आली. बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "नाय निघत तर ऱ्हाऊ दे ना. दिवसाचीच फेरी बरी."

"दिवसाच्या फेरीवर मी इथे राहू शकत नाही, कळतंय ना तुला?"

"कळतंय," म्हणाली, आणि कप उचलून गेली. चहा मी अजून प्यालोही नव्हतो.

सप्टेंबर २२, शनिवार

गणपतीत काही लिहिलं नाही. आरत्या, भजनं, मोदक. दादा सगळ्यांशी गोड बोलला, माझ्याशी कामापुरता.

आज तिन्हीसांजेला विहिरीवर जात होतो तर पोटात दोरी! ओटीच्या खांबापासून थेट विहिरीच्या रहाटापर्यंत कमरेच्या उंचीवर सुंभाची दोरी ताणून बांधलेली. तांब्यासकट मी आडवा. वहिनी धावत आली. "कपडे वाळत घालायला बांधलीय, भावोजी."

"वहिनी, कपडे मागच्या दारी वाळतात. जन्मात इथे एक लंगोटी वाळलेली बघितली नाही मी."

तिने तांब्या उचलून दिलान. या घरात हल्ली बायकांना काही विचारलं की तांब्या नाहीतर कप उचलतात.

आणि ते ताट! दादाच्या ताटात रोज कलेजी. बोकडाची नाही मिळाली तर मुशीची. मला रस्सा. मी काही खादाड नाही, पण भेदभाव डोळ्यांत येतो. आज थट्टेने म्हटलं, "वहिनी, थोरल्याला कलेजी आणि धाकट्याला हाडकं का?" तर वहिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी. थट्टाही करायची सोय राहिली नाही.

वर आणखी दादाचा माज. दिवेलागणीला मी ओटीवर पाय पसरून बसलो होतो. तो आला आणि माझ्या पायावर चक्क पाय देऊन आत गेला. अरे, निदान "ओय" तरी म्हण! एका गुंडीवरून सख्ख्या भावाशी इतकं वैर?

सप्टेंबर २७, गुरुवार

आज तोंड सुटलंच. कबूल केलेलं पाळलं नाही. दादाला म्हटलं, तू मला हात दे, दोघे मिळून फळीच उतरवू. तर म्हणतो, "पितरांचा पक्ष चालू हाय. पक्षात नव्या कामाला हात घालू नये."

"मोटर जुनी आहे, गुंडी जुनी आहे, राळ तुझी आहे. नवं काय आहे त्यात?"

"बापूस खवळंल," म्हणाला. आमचे वडील वारल्याला बारा वर्षं झाली. ते काय दिव्याच्या गुंडीवर खवळणार आहेत?

मग मी बोलू नये ते बोललो. म्हटलं, तुला मी इथे नकोच आहे. मी मुंबईला गेलो की मोटर तुझी एकट्याची. तो म्हणाला, "तू सुकाणू धरायला शीक, काशी. मग तुला पायजे तवा मोटर ने."

हे म्हणजे मुद्दाम वर्मावर बोट. शिमग्यानंतर सड्यावर त्याने मला एकदा स्टेअरिंग दिलं होतं. कातळाचा मोकळा सडा, मैलभर झाड नाही, आणि तेवढ्यात एक शेळी होती. तीच मला सापडली. शेळी वाचली, एक पाय लंगडला, पण सगळा गाव मला अजून 'शेळीवाला' म्हणतो. खरं सांगायचं तर शेळीचं काही नाही. स्टेअरिंग हातात आलं की माझे तळवे घामेजतात, रस्ता अंगावर येतो असं वाटतं. इंजिन मी डोळे मिटून खोलीन. पण ते चाललेलं असताना त्याच्या मागे बसणं माझ्याने होत नाही. हे दादाला ठाऊक नाही. त्याला वाटतं मी आळशी आहे. वाटू दे.

ऑक्टोबर ३, बुधवार

सापडलं! सापडलं! सापडलं!

सकाळी चिडून नखानेच गुंडीची मान खरवडत होतो. खालच्या बाजूला, जिथे डोळा पोचत नाही तिथे, राळेचा एक खपला निघाला आणि बोटाला खळगी लागली. आरसा धरून बघितलं तर मोहरीएवढं भोक! आतल्या दांड्याला स्प्रिंगवरची खिट्टी असणार, ती त्या भोकात येऊन बसली की गुंडी अडकते. खिट्टी दाबायची आणि गुंडी ओढायची. एवढंच! इतके दिवस मी बैलासारखा ओढत होतो आणि ती एका टोचणीची वाट बघत होती.

सावित्रीकडे दाभण मागितलं. "दाभण नाय घरात," म्हणाली. गेल्याच आठवड्यात तिने दाभणाने गोणी शिवली, मी बघितली. शेवटी मीच फडताळातून शोधून काढलं, वरच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे. दाभण तिथे कोण ठेवतं?

भोकातली राळ दाभणाने कोरून काढली. दाबलं. आत काहीतरी हललं, कुचकन. गुंडी ओढली. ती माझ्या हातात आली, इतकी सहज की मला क्षणभर खोटंच वाटलं. मग फळीवरची चकती फिरवून सोडवली आणि स्विच मागून काढला. संध्याकाळपर्यंत घासलेटमध्ये बुडवून ठेवला आहे. तेलाचा रंग चहासारखा झालाय.

एक गोष्ट मात्र मनात आली ती लिहून ठेवतो. कुंचला फिरवताना ओघळ गेला तर राळ वरून आत जाईल. ही देठात खोलवर, चांगली ठासून भरल्यासारखी होती. दादाचं काम असंच, फासायचं म्हणजे फासायचं.

ऑक्टोबर ५, शुक्रवार

दिवे लागले. दादा पालीला प्रवासी घेऊन जाण्याआधी भल्या पहाटे मांडवात गोणपाट लावून बघितले. गुंडी खेचली आणि समोरची कुडाची भिंत लख्ख झाली. प्रत्येक कामटी दिसत होती.

सावित्रीला हाक मारून दाखवलं. ती बघत राहिली आणि रडायला लागली. वेडी! आनंदाने इतकं रडायचं असतं का? मी तिला म्हटलं, आता मी कुठे जात नाही. तर आणखीच रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "दादांना सांगा आधी. माजं ऐका. आजच सांगा."

"अजिबात नाही. मला त्याचं तोंड बघायचंय. भर रस्त्यात, रावजीशेट गाडीत असताना गुंडी खेचणार. तू कुणाला बोललीस तर माझ्या गळ्याची शपथ."

तिने शपथ मोडू नये म्हणून तोंडावर हातच ठेवलान.

ऑक्टोबर ११, गुरुवार

आज झालं ते लिहून काढतो.

आज रावजीशेट हातखंब्याला कामाला आले होते, परत आमच्या मोटरने येणार होते. यापेक्षा चांगला योग कुठला? मी हातखंब्यालाच बॉनेट उघडून बसलो. पेट्रोलच्या नळीत कचरा आहे म्हणून खोटंच सांगितलं. दिवस बुडेपर्यंत वेळ काढायचा होता. दादा मोटरभोवती घिरट्या घालत होता. "काशी, झालं काय?" दोन मिनिटांनी परत, "काशी, झालं?" त्याच्या कपाळावर घाम. मला आतून हसू येत होतं. म्हटलं, थांब लेका, थोड्या वेळात मला मिठी मारशील.

निघालो तेव्हा सूर्य गेला होता. दादा सुसाट हाकत होता, मान पुढे काढून. खेडशीच्या अलीकडे पुरता अंधार पडला. मी मागे वळून शेटना म्हटलं, "बघा आता." आणि गुंडी खेचली.

काय सांगू! रस्ता दुधाने धुतल्यासारखा झाला. कडेचे दगड, गवत, चाकोऱ्या, सगळं. शेट म्हणाले, "वा रे पठ्ठ्या!"

दादाने वेग कमी केला. तोंड तसंच, मान पुढे. मी म्हटलं, "दादा, दिवे नीट झाले! मी काढली गुंडी!"

"मंग लाव ना," दादा म्हणाला.

मला वाटलं थट्टा करतोय.

"दादा, लागलेत."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याचे डोळे सताड उघडे होते आणि समोरच्या लख्ख रस्त्यावर ते कुठेच ठरत नव्हते. आणि समोर गवताने भरलेली बैलगाडी होती, आमच्याच वाटेवर, अगदी मधोमध. मागे लोंबणारे पाय हलवत एक म्हातारा बसलेला. दादा सरळ त्याच्यावर जात होता.

मी हातब्रेक उपटला. किती जोराने, ते खांदा आता सांगतोय. मोटर आडवी होऊन थांबली. म्हाताऱ्याने पाय वर घेतले, एवढंच अंतर.

"काय रे झालं?" मागून शेट.

दादाचे हात स्टेअरिंगवर होते. माझ्याकडे न बघता तो हळूच म्हणाला, "काशी, सांगू नको."

मी गुंडी आत ढकलली. काळोख झाला. म्हटलं, "दिवे गेले, शेट. एकदम गेले. त्यामुळे दिसलं नाही."

"आत्ता तर लागले होते."

"भरवसा नाही त्यांचा," मी म्हणालो. माझ्याच तोंडाने म्हणालो.

शेट त्याच बैलगाडीत बसून गेले. आम्ही मोटर कडेला ढकलली आणि चालत निघालो. चार पावलांवर दादा अडखळला. मग त्याने माझा खांदा चाचपला आणि त्यावर हात ठेवला. घर येईपर्यंत तो हात तिथेच होता.

ओटीवर सावित्री आणि वहिनी कंदील घेऊन उभ्या होत्या. सावित्रीने माझं तोंड बघितलं.

"कळलं?" म्हणाली.

ऑक्टोबर १२, शुक्रवार

सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनीला, सावित्रीला. मलाच नाही. मी एवढा फिटर, दोरीत अडकून पडलो तरी दोरी कशाला ते कळलं नाही मला.

सकाळी दादाला घेऊन मोटर आणायला गेलो. दिवसा त्याला सगळं दिसतं, लांबची गलबतंसुद्धा माझ्याआधी दिसतात. वाटेत बोलला. तीन वर्षं झाली. आधी संध्याकाळी अंधुक, मग दिवस मावळला की काहीच नाही. एका रात्री दाभोळच्या तोंडाशी गलबत खडकावर घालणार होता, खलाशाने ओरडून वाचवलान. तेव्हा समुद्र सोडला. वैदूने कलेजी खा म्हणून सांगितलं, ती खातोय, उतार नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगून? तू मुंबईची जागा सोडून येनार होतास माज्या भरवशावर. आंदळ्याच्या मोटरीत कोन बसंल रे? दिवसाला पन नाय बसनार."

"आणि राळ?"

तो थांबला. "ती मीच ठासली. बोटांनी. आज ना उद्या कोन तरी रात्रीची फेरी मागनार, दिवे नाय लागले तर फेरी नाय, असा विचार केला. नाय म्हनायला तोंड नव्हतं मला. गावंढळ तांडेलानं मोटरीला राळ लावलीन, हसतील. हसू देत."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मीच ती गुंडी काढली नसती तर, असं वाटलं, आणि मग त्या म्हाताऱ्याचे पाय डोळ्यांसमोर आले. मी रस्त्यातच रडलो. दादा म्हणाला, "चल, ऊन वर येतंय."

ऑक्टोबर १४, रविवार

रावजीशेटने निरोप दिला. दिव्यांचा भरवसा नाही तर फेरी भागोजीला देतो. त्यांचं काही चुकलं नाही, मीच तसं सांगितलं.

सावित्रीला म्हटलं, बदलीवाल्याला कळवतो, दिवाळी झाली की हजर होतो. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मला दोगांतलं एक निवडायचं होतं. तुमी इथं ऱ्हाणं, नायतर दादांची अब्रू. काय निवडणार होते मी?" इतके दिवस मी या बाईबद्दल काय काय समजून बसलो होतो! तिचा हात धरला तर तांदूळ सांडले. तशीच बसून राहिलो दोघं.

ऑक्टोबर १५, सोमवार

सकाळी दादाने कोट घातला, टोपी घातली. "चल बंदरावर." मला वाटलं माल बघायला.

एजन्सीत माणसं होती. खलाशी, हमाल, पालीचे काही उतारू, सगळे त्याला ओळखणारे. दादा मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "शेट, काशी खोटं बोलला. दिवे चांगले हायत. माजे डोळे वाईट हायत. अंदार पडला की मला दिसत नाय."

मी त्याचा कोट ओढत होतो.

शेट म्हणाले, "गंगाराम, हे तू इतक्या माणसांत का सांगतोस?"

"नायतर तुमाला खरं वाटनार नाय. संद्याकाळची मोटर काशी चालवील."

"शेळीवाला?" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. दादाही हसला. मी नाही. माझे तळवे भिजले होते.

शेट माझ्याकडे वळले. "लायसन काढ आणि दिवाळीच्या आत मला पालीला नेऊन आण. तोवर थांबतो."

घरी येताना म्हटलं, दादा, हे काय केलंस? मला स्टेअरिंगची भीती वाटते रे. पहिल्यांदा बोललो.

"म्हाईत हाय," म्हणाला. "तुजं तोंड दिवसा बगितलंय मी."

ऑक्टोबर १९, शुक्रवार

दसरा झाला. मोटरीला झेंडूची माळ घातली.

सकाळच्या फेरीला माणसं आली नाहीत. भागोजीच्या मोटरची वाट बघत पलीकडे उभी राहिली. दादा रिकाम्या मोटरीत बसून त्यांच्याकडे बघत होता. दिवसाचं त्याला सगळं दिसतं, हे त्यांना कोण सांगणार?

ऑक्टोबर २४, बुधवार

रोज सकाळी सड्यावर जातो. दादा शेजारी बसतो आणि तांडेल होतो. "वारा बग! अरे, चाकाकडं नको बगू, लांब बग! हात ढिला सोड, मासा धरलाय काय?" आज त्याने मला मूर्ख, गाढव आणि सुरमई म्हटलं. सुरमई का, ते कळलं नाही. उतारावरही मोटर थांबवली नाही. मी इतका कधी ओरडा खाल्ला नव्हता आणि इतका कधी झोपलो नव्हतो.

ऑक्टोबर ३१, बुधवार

लायसन मिळालं. पोलीसखात्याच्या साहेबाने गाडी मागे घ्यायला लावली, घेतली. वाटेत शेळ्या होत्या. त्यांनाही माझी भीती वाटली असावी, पळाल्या.

नोव्हेंबर ३, शनिवार

संध्याकाळची पहिली फेरी करून आलो.

बोट उशिरा लागली. मोटर भरली, शेट पुढे बसले. दादाला म्हटलं, चल. नको म्हणाला. "तुज्या मोटरीत मी ओझं." हट्ट केला, ऐकलं नाही. त्याच्याशिवाय निघालो. कुवारबावच्या पुढे गुंडी खेचली. रस्ता अंगावर आला नाही. म्हणजे आला, पण एकेक तुकडा येत होता, पुढचा पुढचा, आणि तेवढाच बघायचा होता. पालीला माणसं उतरवली, बॉनेटवर हात ठेवून जरा उभा राहिलो आणि परत आलो. शेट उतरताना एवढंच म्हणाले, "उद्यापासून रोज." मी मुंबईला जात नाही. हे वाक्य नुसतं लिहून बघायला बरं वाटतंय.

घरी आलो तर दादा ओटीवर मोटरच्या आवाजाकडे तोंड करून बसला होता. सावित्रीने पाण्याचा तांब्या दिला. मला सगळं एकदम सांगायचं होतं, शेट काय म्हणाले, उतारू काय म्हणाले. दादाने हात केला, बस म्हणून.

"काशी, कसा दिसतो रे?"

"काय?"

"रस्ता. दिव्यात. मी कंदी बगितला नाय."

म्हटलं, दिसतो, रस्त्यासारखाच. तो वाट बघत राहिला. मग मी आठवून आठवून सांगायला लागलो. पुढे उजेड पडतो तेवढा रस्ता पांढरा होतो, कडेचं गवत चांदीचं दिसतं. जांभ्याच्या दगडाची सावली लांब पडते आणि मोटर जवळ गेली की पळते. वळणावर उजेड रस्ता सोडून झाडांत शिरतो, काजूची पानं पानं दिसतात. एक कोल्हा आडवा गेला, त्याचे डोळे हिरवे पेटले होते. पुलावर दोन बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या, त्यांनी डोळ्यांवर हात घेतले.

"आनि पुलाच्या पुढं?"

"पुढे काळोखच, दादा. उजेड तिथवर जात नाही."

"तो म्हाईत हाय मला," दादा म्हणाला. "तू उजेडातलं सांग."

मी सांगत राहिलो. वहिनी दोनदा पानं वाढली म्हणून सांगून गेली, पण आम्ही अजून हातखंब्यापर्यंत पोचलो नव्हतो.